शेजारच्या काकांना, वर्गसमीकरणांबद्दल

ती. काका,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे उघड पत्र. शिवाय 17 नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून, दहावीला बसणाऱ्या माझ्यासारख्या बायका बऱ्याच आहेत. त्यांच्याही कामी येईल.

गाईड म्हणतं 'अवयव पाडा', आणि पुढच्याच ओळीत स्वतः पाडून मोकळं होतं. ते आकडे येतात कुठून, हे तुम्ही दाखवलंत. 6क्ष² − क्ष − 2 = 0 घ्या. पहिला सहगुणक गुणिले स्थिर पद, −12. बाराच्या जोड्या तीनच: 1-12, 2-6, 3-4. गुणाकार ऋण, म्हणजे चिन्हं वेगवेगळी, म्हणजे फरक बघायचा: 11, 4, 1. मधल्या पदाला 1 हवाय, तेव्हा 3-4. मधलं पद ऋण, तेव्हा −4 आणि +3. अंदाजपंचे कारभार बंद! मग 2क्ष(3क्ष − 2) + 1(3क्ष − 2). तो बिचारा 1 लिहायचाच, हा तुमचा हट्ट. उत्तरं 2/3 आणि −1/2.

पण खरे आभार शून्याचे. उजवीकडे शून्यच का हवं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. गुणाकार शून्य असेल तर दोघांतला एक तरी शून्य असलाच पाहिजे. सहाला असं काही बंधन नाही. 2 गुणिले 3 चालेल, 12 गुणिले अर्धाही चालेल. म्हणून तर तुम्ही मुद्दाम (क्ष − 2)(क्ष − 3) = 6 दिलंत. कंस सोडवून सगळं डावीकडे आणलं की क्ष² − 5क्ष = 0 उरतं. तिथेही क्ष ने भागू दिलं नाहीत: भागलं की 5 हाती लागतो आणि 0 हे दुसरं मूळ गायब होतं.

आणि जोड्या शोधण्याआधी बी वर्ग वजा चार एसी (ए हा क्ष² चा सहगुणक, बी हा क्ष चा, सी स्थिर पद) काढून बघायची तुमची युक्ती! क्ष² − 5क्ष + 3 ला 25 − 12, म्हणजे 13. पूर्ण वर्ग नाही, तेव्हा डोकं न शिणवता सरळ सूत्र वापरायचं. अगदी पहिल्या गणितात तेच 49 येतं, सातचा वर्ग. पुस्तकात यालाच विवेचक म्हणतात आणि तो मुळांचं स्वरूप ठरवायला येतो. तुम्ही त्याला आधीच कामाला लावता, हे मला फार आवडलं.

पुढचा धडा अंकगणिती श्रेढीचा आहे. रविवारी दुपारी येऊ का? दुकानाला तेव्हाच सुट्टी असते. काकूंना नमस्कार.

आपली,
तिसऱ्या मजल्यावरची विद्यार्थिनी