विंचूदंश, ताणाची संप्रेरके आणि हृदयपेशींचे पटल

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पेरणीपूर्वी पऱ्हाटी आणि बांधावरचे दगड उपसताना खानदेशातील शेतमजुरांना विंचू चावतो. लाल विंचवाचे विष चेतातंतूंमधील सोडियमचे मार्ग उघडे ठेवते. त्यामुळे ॲड्रेनालिन आणि नॉरॲड्रेनालिन या ताणाच्या संप्रेरकांचा रक्तात लोंढा येतो. दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात आणि पुढे फुप्फुसांत पाणी भरते. गंभीर रुग्णाला दंशाच्या जागी वेदना अनेकदा कमी असते, म्हणून घरचे लोक निर्धास्त राहतात, ही मला सर्वांत काळजीची बाब वाटते.

ही संप्रेरके अतिरेकी प्रमाणात हृदयाला घातक ठरतात, हे १९५९ साली उंदरांना आयसोप्रोटेरेनॉल हे तत्सम औषध टोचून दाखवले गेले. त्यामागचे एक कारण ऑक्सिडीकरणात आहे. ॲड्रेनालिनचे ऑक्सिडीकरण होऊन ॲड्रेनोक्रोम तयार होते (उघड्यावर राहिलेले ॲड्रेनालिनचे इंजेक्शन गुलाबी पडते, ते यामुळेच) आणि या प्रक्रियेत मुक्त मूलकेही (इतर रेणूंना इजा करणारे अस्थिर रेणू) निर्माण होतात. हृदयपेशीच्या पटलातील (आवरणातील) सोडियम-पोटॅशियम पंप हा विकर (एन्झाइम) दर फेरीत ३ सोडियम आयन बाहेर टाकतो व २ पोटॅशियम आयन आत घेतो. त्याच्या रेणूतील गंधकयुक्त गटांचे ऑक्सिडीकरण झाले की त्याचे काम मंदावते. मग पेशीत सोडियम साचते, त्याच्या अदलाबदलीत बाहेर जाणारे कॅल्शियम अडकते, आणि कॅल्शियम बाहेर टाकणारा स्वतंत्र पंपही याच माऱ्याखाली आल्याने पेशी कॅल्शियमने भरून मरू लागते. हे पुरावे मुख्यतः प्राण्यांच्या हृदयांवरील प्रयोगांतले आहेत. त्यांच्या आधारे ऑक्सिडीकरणरोधक गोळ्या विकत घेण्याचे कारण नाही.

विंचूदंशावर मात्र उपाय हाताशी आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्राझोसिनचा उपयोग मांडला. हे साधे, तोंडाने घ्यायचे औषध अल्फा ग्राहके (रक्तवाहिन्यांवर ही संप्रेरके जिथे जोडली जातात त्या जागा) अडवून आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करते आणि हृदयावरचा भार उतरवते. लवकर दिले तरच त्याचा खरा लाभ होतो. भगताकडे विष उतरवण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही.

म्हणून जळगाव, धुळे व नंदुरबारच्या आरोग्य प्रशासनास विनंती आहे की, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात प्राझोसिन आणि विंचूप्रतिविष यांचा साठा पेरणीच्या आधी तपासून घ्यावा, आणि घाम व गार हातपाय ही लक्षणे आशाताईंमार्फत वस्तीवस्तीवर समजावून सांगावीत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त जीवरसायनशास्त्र प्राध्यापक, धुळे