बाबा, फॉर्म उघडण्याची वाट बघू नका

ओटावा, रविवार

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई सहज बोलून गेली, "हे दुपारभर मोबाइल समोर धरून बसले होते, चहासुद्धा तिथंच घेतला." तेव्हापासून मला चैन नाही. बाबा, मी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला कॅनडाच्या व्हिसाचा फॉर्म तुम्ही उघडलात, त्यावर इंग्रजीत 'कृपया थांबा' असं आलं, आणि तुम्ही थांबलात. सांगितलं तसं करायचं ही तुमची सवय मला ठाऊक असूनही मी ती फाइल तशीच पाठवून दिली. ते पान आणखी दोन दिवस धरून बसला असतात तरी बदललं नसतं. तुमचं काही चुकलं नाही, मोबाइलचंही नाही. म्हणून आज फोन न करता सविस्तर लिहायला बसले. हे पत्र शेजारच्या दुकानातून मोठ्या अक्षरात छापून घ्या आणि कॉम्प्युटरशेजारी ठेवा.

आपण एरवी पीडीएफ म्हणतो ती फाइल छापलेल्या कागदासारखी असते. लाइट बिल कुठेही उघडा, सारखंच दिसतं. हा आयएमएम 5257 नावाचा फॉर्म दिसायला पीडीएफ असला तरी आतून वेगळा आहे. त्या पद्धतीला एक्सएफए म्हणतात. 'कृपया थांबा' ही नुसती दारावरची पाटी आहे, खरा फॉर्म दाराच्या आत आहे. कॉम्प्युटरवरच्या अ‍ॅडोबी अ‍ॅक्रोबॅट रीडरला ते दार उघडता येतं, मग पाटी जाऊन चौकटी दिसतात. मोबाइलला आणि बहुतेक ब्राउझरना फक्त पाटीच दिसते. गंमत म्हणजे ही पद्धत ज्या जेटफॉर्म कंपनीने काढली ती इथलीच, ओटावाची. पुढे 2002 मध्ये अ‍ॅडोबीने ती घेतली. पीडीएफच्या 2017 च्या नव्या प्रमाणात ही पद्धत कालबाह्य ठरवली गेली, तरी असे फॉर्म अजून चालू आहेत आणि आपल्याला ते भरायचे आहेत.

तर आता लॅपटॉपवर बसा. मी ईमेलने लिंक पाठवली आहे. तिच्यावर नेहमीसारखं क्लिक करू नका. माउसचं उजवं बटण दाबा, यादीतलं 'सेव्ह लिंक अ‍ॅज' निवडा आणि फाइल डेस्कटॉपवर ठेवा. मग त्या फाइलवर पुन्हा उजवं बटण, 'ओपन विथ', आणि अ‍ॅक्रोबॅट रीडर. तो फुकट आहे, दिवाळीत दादाने घालून दिला होता तोच. पाटीऐवजी चौकटी दिसल्या की अर्धं काम झालं. जुनी कुठून तरी मिळालेली प्रत वापरू नका, फॉर्म अधूनमधून बदलतो.

उघडल्या उघडल्या भरायला लागू नका. आधी त्या फाइलच्या तीन प्रती करा, इंग्रजी अक्षरांत नावं द्या: कोरा, बाबा, आई. कोऱ्याला हात लावायचा नाही. हे मी का सांगते? माझ्या एका मैत्रिणीने वडिलांचा फॉर्म भरला, त्याच फाइलमध्ये नाव खोडून आईचं घातलं आणि सेव्ह केलं. दोघांचे फॉर्म स्वतंत्र लागतात. वडिलांची दोन तासांची मेहनत गेली, आणि ती गेल्याचं तिला चार दिवसांनी कळलं.

बाबा, तुम्ही पाटबंधारे खात्यात तीस वर्षं एमबी, म्हणजे कामाच्या मोजमापांची वही, लिहिली. त्या वहीत खाडाखोड चालत नसे, चुकलं तर आडवी रेघ मारून शेजारी सही करायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, हे तुम्हीच मला शिकवलंत. इथे नेमकं उलट आहे. चूक पुसली की मागे काहीच उरत नाही, आणि बरोबर लिहिलेलंही सेव्ह केलं नाही तर तसंच निघून जातं. म्हणून एक पान झालं की कंट्रोल आणि एस. जेवायला उठताना कंट्रोल आणि एस. कराडची लाइट कधी जाईल त्याचा नेम नाही, आणि त्या लॅपटॉपची बॅटरी आता दहा मिनिटंही टिकत नाही.

आता आत काय लिहायचं ते. नाव पासपोर्टवर आहे तसंच, एका अक्षराचाही फरक नको. आपल्या पासपोर्टवर आडनाव एका ओळीत असतं, आणि स्वतःचं व वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मिळून दुसऱ्या ओळीत. फॉर्ममध्येही तशाच दोन चौकटी आहेत, त्या तशाच भरा. तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने जाते. बाबा, तुमची एक जून. आषाढीच्या आसपास झालास असं आजी म्हणायची हे मला माहीत आहे, आणि मास्तरांनी शाळेत घालताना तुमच्या कित्येक मित्रांचा वाढदिवस एक जूनच करून टाकला हेही. तरी पासपोर्ट म्हणतो तेच लिहा.

आई, तुझ्याशी थोडं निवांत बोलायचं आहे. फॉर्मच्या पहिल्या पानावर विचारलं आहे, तुम्ही कधी दुसरं नाव वापरलं आहे का, टोपणनाव, माहेरचं नाव वगैरे. तू फोनवर म्हणालीस, "नाही लिही, उगाच प्रश्न वाढतील." आई, तिथे 'हो' लिहायचं आहे. लग्नात तुझं नुसतं आडनाव बदललं नाही, तांदळात अंगठीने लिहून नावच बदललं. तुझ्या सातवीच्या दाखल्यावर, मामाकडच्या जुन्या रेशनकार्डावर ते पहिलं नाव आहे. मला ते नाव मी बारावीत असताना कळलं, तेही मामी चुकून हाक मारून गेली म्हणून. इतकी वर्षं कुठल्याही कागदाने तुला ते विचारलं नाही. हा विचारतो आहे. फॉर्म भरून घेण्यासाठीच विचारतो आहे हे मला समजतं, पण ती चौकट मी इथून भरणार नाही. ती तू भर, तुझ्या बोटांनी. कीबोर्डवर अक्षरं शोधायला वेळ लागला तर लागू दे.

पुढे प्रकृतीचे प्रश्न आहेत. गेल्या दोन वर्षांत क्षयरोग झाला का, क्षयाच्या माणसाच्या निकट संपर्कात होता का. औषधांशिवाय इतर वैद्यकीय किंवा सामाजिक सेवेची गरज पडेल असा काही आजार आहे का. बाबा, तुमची साखर नीट वाचून मग ठरवू, आपण दोघं मिळून. पण लपवायचं काही नाही. सरकारी नोकरी होती का, याला 'हो'. पूर्वी कुठल्या देशाने व्हिसा नाकारला का, यालाही 'हो', कारण तो 2016 साली नाकारला गेला होता. कोपऱ्यावरच्या माणसाने तुम्हाला तिथे 'नाही' करायला सांगितलं, असं दादा म्हणाला. त्याचं ऐकू नका. नकार मिळालेला असणं हा गुन्हा नाही, तो झाकणं मात्र फार महागात पडतं. खोटी माहिती दिली असं ठरलं तर कॅनडात पाच वर्षं प्रवेश बंद होऊ शकतो. मला पाच वर्षं तुमच्याशिवाय काढायची नाहीत. हा आई-वडिलांसाठीचा सुपर व्हिसा मिळाला तर एका खेपेला सलग पाच वर्षांपर्यंत राहता येतं, आणि तीच पाच वर्षं उलट्या बाजूने मोजायची वेळ यायला नको.

कुटुंबाच्या माहितीचा फॉर्म वेगळा आहे, 5707. त्यात आजी-आजोबांची नावं आणि जन्मतारखाही लागतील. आईच्या आईची तारीख कोणालाच माहीत नाही, ठीक आहे. अंदाजाने ठोकून देऊ नका. जे माहीत नाही ते माहीत नाही असं सोबतच्या खुलाशाच्या पत्रात लिहू, ते पत्र मी तयार करते.

सगळं भरून झालं की फॉर्ममध्ये 'व्हॅलिडेट' नावाचं बटण आहे. ते दाबल्यावर काही राहिलं असेल तर फॉर्म स्वतःच दाखवतो. त्याने दाखवलं म्हणजे तो रागावला असं नाही, एखादा राहिलेला पिनकोड असतो. सगळं जुळलं की शेवटी काळ्या ठिपक्यांचे चौकोनी बारकोड उमटतात. तुम्ही भरलेली माहिती त्या ठिपक्यांत जाते. बारकोड नाही तर फॉर्म पुरा झाला नाही असं समजा. त्यानंतर काही बदललंत तर बटण पुन्हा दाबा, आणि पुन्हा सेव्ह.

आणि इथे थांबा, प्रिंट काढू नका. तुम्हाला कागद हातात आल्याशिवाय काम झाल्यासारखं वाटत नाही, ते मी लहानपणापासून बघते आहे. मागच्या वेळी तुम्ही दुकानातून कोरा फॉर्म छापून आणून निळ्या शाईने भरलात आणि स्कॅन करून पाठवलात. बाबा, इतकं देखणं अक्षर मी इथे कोणाचं पाहिलं नाही, तो कागद मी ठेवून दिला आहे. पण अर्ज ऑनलाइन आहे, आणि स्कॅन म्हणजे फॉर्मचा फोटो. फोटोत चौकटी नसतात, बारकोड तयार होत नाही. 'प्रिंट टू पीडीएफ' करूनही तेच होतं, जिवंत फॉर्मचं नुसतं चित्र बनतं. वर चढवायची ती सेव्ह केलेली मूळ फाइलच. सहीसुद्धा हाताने नको, अर्ज पाठवताना नाव टाइप करून ती होते. पासपोर्टचे स्कॅन मात्र लागतील, आणि प्रत्येक फाइल 4 मेगाबाइटच्या आत हवी.

अर्ज गेला की मग तुमच्या फायलीसाठी खुशाल छापा. तेव्हा एक लक्षात ठेवा: हा फॉर्म लेटर आकाराच्या कागदावर बेतलेला आहे, साडेआठ इंच बाय अकरा. आपल्याकडचा ए4 त्याहून थोडा अरुंद आणि थोडा लांब. म्हणून प्रिंटच्या खिडकीत 'फिट' निवडा, नाहीतर उजव्या कडेची अक्षरं कापली जाऊ शकतात. दुकानात छापायला गेलात तर पेनड्राइव्ह न्या, आणि छापून झाल्यावर दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर आपली फाइल राहिली नाही ना ते उभं राहून बघा. डाउनलोडमध्ये, मग रिसायकल बिनमध्ये. तो माणूस चांगला आहे, पण तिथे दिवसभर शंभर जण बसतात, आणि त्या फाइलमध्ये तुमचा जन्म, पत्ता, पासपोर्ट, सगळं आहे.

एक मागणं आहे. दादाला किंवा एजंटला सगळं भरायला देऊ नका. तो वीस मिनिटांत उरकेल. तुम्हाला दोन दिवस लागतील, लागू देत. उद्या विमानतळावर अधिकारी काही विचारेल तेव्हा उत्तर तुम्हाला द्यायचं आहे, आणि आपण काय लिहिलं ते माहीत असलेल्या माणसाचा आवाज वेगळा येतो.

पुढच्या रविवारी तुमच्या संध्याकाळी साडेसातला मी व्हिडिओ कॉल करते, इथे तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतील. तोवर फक्त फाइल उतरवून तीन प्रती करून ठेवा. पासपोर्ट, आईचा दाखला आणि चष्मे टेबलावर असू द्यात. बाबांच्या फॉर्मने सुरुवात करू. मग आई बसेल, आणि तिची ती चौकट होईपर्यंत कोणी मध्ये बोलायचं नाही.

तुमची लेक