पुडीसोबत थर्मामीटरही द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

धागा सुटावा म्हणून कोसा (टसर रेशमाचा कोश) शिजवायला एन्झाइमची, म्हणजे प्रथिने तोडणाऱ्या द्रव्याची, पुडी वापरली, फरक पडला नाही, म्हणून पुन्हा सोडा-साबणावर आलो, असे भंडारा-गडचिरोलीच्या गावांतून ऐकू येते. बहुतेकदा दोष पुडीचा नसतो. ती उकळत्या पाण्याच्या गंजात (पातेल्यात) टाकली जाते आणि तिथेच निकामी होते.

येनाच्या (ऐनाच्या) पानांवर वाढलेली टसर अळी फायब्रोइनचा धागा काढते आणि तो सेरिसिनने चिकटवते. दोन्ही प्रथिनेच, अमिनो आम्लांच्या लांब साखळ्या. फायब्रोइनच्या साखळ्या दाट रचलेल्या असतात, सेरिसिनच्या सैल. पुडीतले प्रोटिएझ एन्झाइम आधी सैल साखळी तोडते. सोड्याला हा भेद कळत नाही. उकळी लांबली की धागाही कमजोर होतो. मात्र टसरचे सेरिसिन टॅनिन या तुरट द्रव्यामुळे फार कडक असते. म्हणून कोसे आधी साध्या पाण्यात तासभर उकळून नरम करावेत.

मग पाणी 50 अंशांपर्यंत निवू द्यावे. अल्कधर्मी प्रोटिएझला पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे याचे माप) 8.5 ते 9 लागतो. धुण्याचा सोडा चिमटी-चिमटीने टाकत पीएच पट्टीचा रंग पाहावा. लिटरला साधारण 2 ग्रॅम पावडर कोमट पाण्यात कालवून घालावी. पुडीवर वेगळे प्रमाण असेल तर तेच खरे. कोसे बुडालेले राहतील असे वजन ठेवून गंज रात्रभर गोणपाटात गुंडाळावा. सकाळी एका कोशाचा वरचा गुंता काढून टोक ओढावे. धागा न अडकता सुटत आला की झाले. ओढताना तुटू लागला तर वेळ जास्त झाला. झालेले कोसे लगेच 10 मिनिटे उकळत्या पाण्यात घालावेत, नाही तर ओल्या कोशात एन्झाइमचे काम चालूच राहते.

लोखंडी भांडे अजिबात नको. टॅनिन आणि लोह एकत्र आले की काळे डाग पडतात. नुकतीच ब्लीचिंग पावडर टाकलेले पाणीही नको. क्लोरीन एन्झाइम बिघडवतो. मे महिन्यात टिनाच्या छपराखाली राहिलेल्या पुडीचा जोर उतरलेला असतो, ती माठाजवळ सावलीत, कोरडी ठेवावी. हिरव्या पपईच्या चिकातले पपेनही प्रथिने तोडते, त्याला सोडा लागत नाही आणि ते 60 अंशांपर्यंत चांगले टिकते. पण लोखंडी विळ्याने काढलेला चीक काळवंडतो आणि त्याची ताकद घटते.

पावडर उडवू नये, तोंडाला ओला रुमाल बांधावा. ती श्वासातून वारंवार गेली तर दमा जडू शकतो, आणि हे काम बहुतेक घरांत बायाच करतात. उरलेले पाणी बोडीत (लहान तळ्यात) सोडू नये. त्यातली प्रथिने कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासोळ्या मरतात. ते शेणखताच्या खड्ड्यात जिरवावे.

प्रशिक्षणात पुड्या वाटल्या जातात. प्रत्येक पुडीसोबत एक थर्मामीटर आणि पीएच पट्ट्या द्याव्यात, आणि एन्झाइम कधी तयार झाले ती तारीख पुडीवर मराठीत छापावी, ही मागणी आहे.

— कोसा धागाकाम करणारे, मोहाडी तालुका, जि. भंडारा