पगार सात तारखेला, मग आमची येणी कधी? लघुउद्योग मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालय,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

सविनय नमस्कार.

21 नोव्हेंबर 2025 रोजी चार श्रमसंहिता लागू झाल्या. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा. कामगार सोडून गेला किंवा काढला तर कामकाजाच्या दोन दिवसांत हिशेब चुकता करायचा. ठरावीक मुदतीवर नेमलेल्यालाही एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी आणि प्रत्येकाच्या हातात नेमणूकपत्र. यातल्या एकाही तरतुदीला आमचा विरोध नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण लघुउद्योजकाने मंत्र्यांना पत्र लिहिले की तो कामगारांच्या मुळावर उठला असेच धरले जाते.

प्रश्न इतकाच आहे की सात तारखेचा पगार ज्या पैशातून द्यायचा, तो पैसा आमच्यापर्यंत वेळेवर पोचवण्याची जबाबदारी सरकारने कुणावर टाकली आहे?

कागदावर उत्तर आहे. लघुउद्योगांसाठीचा एमएसएमईडी कायदा ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. कलम 15 सांगते की लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून 15 दिवसांत पैसे द्यायचे. करार असेल तर ठरलेल्या तारखेला, पण कोणत्याही परिस्थितीत 45 दिवसांच्या पुढे नाही. उशीर झाला तर कलम 16 प्रमाणे बँक दराच्या (रिझर्व्ह बँक जाहीर करते तो दर) तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. बँक दर साडेपाच टक्के धरला तर व्याज साडेसोळा टक्के होते. दहा लाखांचे बिल वर्षभर अडकले तर 1 लाख 78 हजारांच्या आसपास. हे व्याज प्रत्यक्षात किती पुरवठादार वसूल करतात, ते कुठल्याही औद्योगिक वसाहतीत उभे राहून विचारा. व्याजाचे पत्र गेले की व्हेंडर कोड (खरेदीदाराच्या यादीतला पुरवठादाराचा क्रमांक) ब्लॉक होतो आणि पुढची पीओ (खरेदीची ऑर्डर) येत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, एवढेच त्या कलमाचे आमच्यासाठी फळ आहे.

13 मे 2020 रोजी आत्मनिर्भर भारत पॅकेज जाहीर करताना अर्थमंत्र्यांनी सांगितले होते की केंद्र सरकार आणि केंद्रीय उपक्रमांकडची लघुउद्योगांची येणी 45 दिवसांत मोकळी केली जातील. टाळेबंदीत कारखाने बंद होते, लोकांनी या वाक्यावर विश्वास ठेवला. पण 45 दिवस हा तर आधीच कायदा होता! जवळपास 14 वर्षे पुस्तकात असलेली गोष्ट पॅकेज म्हणून जाहीर करावी लागली, याचा अर्थ तो कायदा सरकारी कार्यालयेच पाळत नव्हती. त्या घोषणेलाही वर्षे लोटली आणि सरकारी खात्यांकडे बिलासाठी खेटे घालणे अजून सुटलेले नाही.

एका बिलाचा प्रवास तारखांसकट मांडतो. समजा 3 एप्रिलला एक लाखाचा माल गेला, 18 टक्के जीएसटी धरून बिल 1 लाख 18 हजारांचे. गेटवर चलनावर इनवर्डचा शिक्का बसतो, पण जीआरएन (माल मिळाल्याची खरेदीदाराची नोंद) निघत नाही. माल 'क्यूसी होल्ड'वर, म्हणजे तपासणीसाठी अडकून पडतो. जीआरएन निघते 20 तारखेला, आणि पीओच्या मागे बारीक अक्षरात छापलेले असते की पेमेंट जीआरएनच्या महिनाअखेरीपासून 90 दिवसांनी. म्हणजे पैसे जुलै संपता संपता. कायदा वेगळे सांगतो. माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असे मानायचे. त्या हिशेबाने 45 दिवस 18 मे रोजी संपतात, आणि पीओवरची 90 दिवसांची अट कायद्यापुढे टिकत नाही. पण ती अट छापणाऱ्याला आजवर कुणी जाब विचारलेला नाही.

आता याच बिलावर आमच्या तारखा बघा. 7 मे, एप्रिलचा पगार. 11 मे, जीएसटीआर-1 (विक्रीच्या बिलांचे विवरणपत्र). 14 मेला ते बिल खरेदीदाराच्या 2बीमध्ये (त्याच्या खरेदीवरच्या कराच्या तक्त्यात) उतरते आणि न दिलेल्या पैशांवर त्याला 18 हजारांचे क्रेडिट, म्हणजे तेवढी करवजावट मिळते. 15 मे, पीएफ आणि ईएसआयचे चलान. 20 मे, 3बी (कर भरायचे विवरणपत्र). कच्च्या मालावरचे क्रेडिट वजा जाता उरलेला कर आम्ही भरायचा, हातात एक रुपया आलेला नसताना. एक दिवस चुकला की रोजची लेट फी आणि वर्षाला 18 टक्के व्याज. 2 जुलैला बिल 90 दिवसांचे झाले की बहुतेक बँका ते ड्रॉइंग पॉवरमधून (माल आणि येण्यांवर बँकेतून उचलता येणाऱ्या रकमेतून) काढून टाकतात. म्हणजे पैसे अडकल्याची शिक्षा म्हणून सीसी (कॅश क्रेडिट) लिमिटसुद्धा आकसते, आणि तीही नेमकी जास्त गरज असते तेव्हा.

यावर कडी म्हणजे जीएसटी कायदा त्याच खरेदीदाराला 180 दिवस देतो. 30 सप्टेंबरपर्यंत पैसे दिले नाहीत तरच त्याने क्रेडिट व्याजासह परत करायचे. एकाच बिलाला तुमचे मंत्रालय 45 दिवस म्हणते आणि अर्थ मंत्रालय 180. मोठ्या कंपनीचा अकाउंट्स विभाग यातली कोणती तारीख पाळणार, हे सांगायला तज्ज्ञ समिती नको.

25 कामगारांचे युनिट घ्या, प्रत्येकी 15 हजार वेतन. पगार 3 लाख 75 हजार. पीएफमध्ये मालकाचा हिस्सा प्रशासकीय खर्च आणि विम्यासह 13 टक्के, म्हणजे 48,750. ईएसआय सव्वातीन टक्के, 12,188. महिन्याला 4 लाख 36 हजारांच्या आसपास, ग्रॅच्युइटी आणि बोनसची तरतूद वेगळी. तीन महिन्यांची येणी अडकली तर 13 लाखांहून जास्त रक्कम फक्त मजुरीपोटी बाहेरून उभी करायची. आधी सीसी टोकाला जाते. मग एनबीएफसीचे (बँक नसलेल्या वित्त कंपनीचे) महाग कर्ज. मग पीएफचे चलान पुढे ढकलले जाते, ओव्हरटाइम 'पुढच्या महिन्यात बघू' होतो, आणि शेवटी जुन्या कामगाराच्या जागी ठेकेदाराचा माणूस येतो. श्रम मंत्रालयाला शेवटची पायरी दिसते, कारण निरीक्षक तिथे येतो. पहिली पायरी खरेदीदाराच्या अकाउंट्स विभागात असते, तिथे कुणीच जात नाही.

पगार थकला तर वेतन संहितेत कामगाराला दाव्याच्या दहापटीपर्यंत भरपाई मिळू शकते. मिळायलाच हवी, त्याचे घर त्या पगारावर चालते. पण तो पगार ज्याच्यामुळे थकला त्याला काहीच लागू नसावे? ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर मूळ मालकाने द्यायची, हे तत्त्व 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून या देशात मान्य आहे. साखळीच्या वरच्या टोकाला बसलेला जबाबदार असतो, हे कायद्याला कळते. फक्त माणसांऐवजी सुटे भाग पुरवले की ते तत्त्व गळून पडते.

तक्रार करायला ऑक्टोबर 2017 मध्ये समाधान हे सरकारी पोर्टल आले. उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीचे), पीओ, बिले, पोचपावती आणि व्याजाचा तक्ता अपलोड करायचा. पण उद्यम नोंदणी कराराआधीची नसेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 आणि 2022 च्या निकालांवर बोट ठेवून समोरचा वकील पहिल्याच तारखेला हरकत घेतो. पुढे राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलपुढे (थकलेल्या बिलांचे वाद ऐकणाऱ्या मंडळापुढे) आधी समेट, मग लवाद. कायदा म्हणतो 90 दिवसांत निकाल द्या, पण ती मुदत ओलांडली तर कुणाचेही काही बिघडत नाही. अध्यक्ष उद्योग संचालक दर्जाचा अधिकारी, त्याच्याकडे दहा इतर कामे, आणि कोरम भरला नाही की पुढची तारीख. निकाल लागला तरी वसुलीसाठी पुन्हा कोर्टात दरखास्त. निकालाला आव्हान देणाऱ्याने आधी 75 टक्के रक्कम भरावी हे कलम 19 चांगले आहे, या कायद्यातली दात असलेली ती एकमेव तरतूद म्हणावी लागेल. पण तिथपर्यंत पोचेतो छोटे युनिट शिल्लक राहायला हवे ना.

दिवाळखोरी कायद्याने एनसीएलटीत (कंपनी कायदा न्यायाधिकरणात) जायचा दरवाजा होता. मार्च 2020 मध्ये थकबाकीची किमान मर्यादा एक लाखावरून एक कोटी केली. ती कोविडसाठी केली होती, कोविड गेला आणि मर्यादा राहिली.

2023 च्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्यात कलम 43बी(एच) आणले तेव्हा पहिल्यांदा वाटले की कुणीतरी नाक दाबले, आता तोंड उघडेल. मुदतीत पैसे दिले नाहीत तर त्या वर्षी तो खर्च नामंजूर. पण ही तरतूद फक्त 31 मार्चची शिल्लक बघते. मे महिन्यातल्या बिलाचे पैसे पुढच्या मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दिले तरी खरेदीदाराला पूर्ण वजावट. दहा महिने आमचे पैसे वापरून तो करात एक पैसाही गमावत नाही. शिवाय मध्यम उद्योग यात येत नाहीत, व्यापारी येत नाहीत. परिणाम असा की काही खरेदीदारांनी 'उद्यम नंबर रद्द करा, नाहीतर ऑर्डर नाही' असे सांगायला सुरुवात केली. पळवाट सरकारने ठेवली आणि तिची किंमत आम्ही मोजली.

ट्रेड्स या बिलांवर आगाऊ पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यासपीठाचेही तेच. बिल प्लॅटफॉर्मवर टाकायचे, खरेदीदाराने मान्य करायचे, बँकांनी बोली लावायची आणि एक-दोन दिवसांत पैसे खात्यात. रचना उत्तम आहे, आणि व्याज खरेदीदाराच्या पतीवर ठरते म्हणून आम्हाला स्वस्त पडते. नोव्हेंबर 2024 मध्ये 250 कोटींवरच्या उलाढालीच्या कंपन्यांना नोंदणी सक्तीची केली. पण सक्ती नोंदणीची आहे. खासगी कंपनीने बिल मान्य करण्याची नाही. नोंदणी करायची आणि एकही बिल मान्य करायचे नाही, यात कायद्याचा भंगच होत नाही.

महोदय, राग कशाचा येतो ते स्पष्ट लिहितो. सरकारचे पैसे आमच्याकडे थकले तर जीएसटी खाते आमचे बँक खाते गोठवू शकते. एवढेच नाही, आमच्या खरेदीदाराला थेट नोटीस काढून आमची येणी परस्पर वळवून घेऊ शकते. पीएफच्या वसुली अधिकाऱ्यालाही हाच अधिकार आहे. म्हणजे मोठ्या कंपनीकडून आमचे पैसे काढण्याचे यंत्र सरकारकडे तयार आहे, चालू आहे. ते फक्त सरकारच्या वसुलीसाठी फिरते. आमच्या वसुलीसाठी आम्हाला एक पोर्टल आणि तारखा. कर्जमेळावे घेता, मुद्राची मर्यादा 20 लाख करता, हमी योजनेची मर्यादा 10 कोटी करता. स्वतःचेच पैसे मिळत नाहीत म्हणून दुसऱ्याचे पैसे व्याजाने घ्या, वर हमीची फी भरा, याला धोरण का म्हणायचे? थकलेली बिले वेळेवर आली तर त्यातली निम्मी कर्जे लागणारच नाहीत, असे आमचे ठाम मत आहे.

मागण्या नेमक्या आहेत. जीएसटीमधली 180 दिवसांची मुदत सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या बिलांसाठी 45 करा. बिल उद्यम-धारकाचे आहे हे पोर्टलला जीएसटी क्रमांकावरून ओळखता येते, तेव्हा 46व्या दिवशी क्रेडिट आपोआप थांबू द्या. पुरवठादाराला तक्रारच करावी लागली नाही, तर सूड कुणावर घेणार? ऑक्टोबर 2024 पासून जीएसटी पोर्टलवर आयएमएस (आलेली बिले तपासण्याची सोय) आहे, तिथे खरेदीदार बिल स्वीकारतो किंवा नाकारतो. 15 दिवसांत नाकारले नाही तर ते ट्रेड्सवर मान्य झाल्याचे धरा. सूक्ष्म उद्योगांचा कर पैसे हातात आल्यावर घ्या. 45 दिवसांवरच्या थकबाकीचा एमएसएमई-1 फॉर्म कंपन्या वर्षातून दोनदा भरतात, त्यातली माहिती कंपनीच्या नावासह सर्वांना बघता येऊ द्या.

कौन्सिलच्या निकालाची वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे करा, देशभर एकाच नियमाने. ज्या बिलावर कौन्सिलमध्ये दावा चालू आहे ते 90 दिवसांनंतरही ड्रॉइंग पॉवरमध्ये धरण्याची आणि तेवढ्या कारणाने खाते एनपीए न करण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेशी बोलून आणा.

आणि सर्वात महत्त्वाचे श्रममंत्र्यांना सोबत घेऊन करायचे आहे. पुरवठादाराकडे पगार किंवा पीएफ थकला आणि त्याच काळात त्याची मुदत उलटलेली येणी एखाद्या खरेदीदाराकडे पडून असली, तर कामगाराचे पैसे आधी त्या खरेदीदाराकडून वसूल करा आणि आमच्या येण्यातून वजा करा. उशिराचे व्याज आणि दंड मात्र खरेदीदाराच्या माथी मारा. यात सरकारचा रुपया खर्च होत नाही आणि कामगाराला पैसे आजच्यापेक्षा लवकर मिळतात.

केंद्रीय उपक्रमांकडे आज 45 दिवसांपेक्षा जुनी किती येणी आहेत, त्याची उपक्रमनिहाय यादी आपल्या मंत्रालयाने प्रसिद्ध करावी. सुरुवात तिथून करा, त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही. लेखी उत्तराची वाट पाहतो.

आपला,
लघुउद्योगांचे हिशेब सांभाळणारा एक नागरिक

प्रत : मा. केंद्रीय श्रममंत्री, मा. केंद्रीय अर्थमंत्री