आईचे तीसपैकी सोळा गुण

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

माझी आई गेल्या आठवड्यात चक्कर येऊन बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड मोडलं. डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, गोळीने नाडी मंदावली म्हणून ती पडली, आणि तिला डिमेन्शिया नाहीच!

आठ महिन्यांपूर्वी पुण्यातल्या एका दवाखान्यात तिची स्मरणशक्तीची चाचणी झाली. मी शेजारीच होते. डोक्यावर पंखा घरघरत होता, विचारणाऱ्याच्या तोंडावर मास्क, प्रश्न हिंदीत. तारीख विचारली तर ती म्हणाली, "आज संकष्टी." गुण कापला. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. मंडईत तीस वर्षं भाजी विकून तोंडी हिशेब केलेली बाई नुसती माझ्याकडे बघत राहिली. तिला ऐकूच आलं नव्हतं. मग पंचकोन काढायला पेन्सिल दिली. शाळा तिसरीत सुटलेली. तिने ती उलथन्यासारखी मुठीत धरली. पंधरा मिनिटांत ३० पैकी १६. तेवढ्यावर डिमेन्शिया ठरवला आणि गोळी सुरू केली.

शिक्षण किती, ऐकू येतं का, माझे वडील नुकतेच गेलेत तर तिला झोप लागते का, थायरॉइड, बी-१२... कुणी काही विचारलं नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी हे सगळं पाहिलं तेव्हा निघालं नैराश्य आणि बहिरेपण. तोवर आम्ही तिला गॅसपाशी जाऊ दिलं नाही, हातात पैसे दिले नाहीत. ती विचारायची, "मी येडी झालेय का गं?" मी उत्तर द्यायचे नाही. हे कोण भरून देणार, साहेब? तक्रार केली, तर "नोंद घेतली" एवढंच उत्तर आलं.

ही चाचणी १९७५ची, अमेरिकेतली. कमी शिकलेल्यांचे तिच्यात गुण जातात, हे सगळ्या डॉक्टरांना ठाऊक आहे. म्हणूनच १९९५ साली हरियाणातल्या बल्लभगडच्या निरक्षर म्हाताऱ्यांसाठी हिंदी चाचणी वेगळी बांधली गेली. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने पुढे हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड, मल्याळम अशा पाच भाषांत चाचण्यांचा संच केला. त्यात मराठी नाही! अभिजात दर्जाचे सोहळे झाले, पण आमच्या म्हाताऱ्यांचं डोकं मराठीत तपासायला पैसा नाही. पुलांना आहे, फलकांना आहे. अशा पंधरा मिनिटांच्या कागदांवर मी आता कसा विश्वास ठेवू?

वय आणि शिक्षणानुसार मराठी माणसांचे गुण ठरवून घ्या. चाचणीआधी कान तपासायची सक्ती करा. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात नोंदणीकृत चिकित्सा मानसशास्त्रज्ञ नेमा, कंत्राटावर नको.

सोमवारी आईचे टाके काढायचे आहेत. त्यानंतर तो सोळा गुणांचा कागद घेऊन मी मंत्रालयात येतेय. तो माझ्यासमोर वाचा.

मंडईवाल्या बाईची मुलगी, पुणे