धर्मशास्त्र की भाषा?

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

डॉक्टरेट धर्मशास्त्राच्या विभागात करावी की सेमिटिक (हिब्रू, अरबी वगैरे) भाषांच्या, या विचाराने तू झोप उडवून घेतली आहेस असं दिसतं. शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या आईला यातलं काय कळणार, असं वाटत असेल तर वाटू दे. तू ऊठसूट ज्याचं नाव घेतेस त्या वेलहाउझेनबद्दल, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या त्या जर्मन बायबल-अभ्यासकाबद्दल, मी वाचत होते. तुझं उत्तर मला त्याच्या नोकऱ्यांत सापडलं.

पाद्र्याचा मुलगा, शिकला तुझ्याच ग्योटिंगेनमध्ये. तिथेच १८६७च्या उन्हाळ्यात त्याच्या कानावर आलं की ग्राफ नावाचा अभ्यासक मोशेचं नियमशास्त्र, म्हणजे बायबलच्या सुरुवातीच्या पुस्तकांतले धर्मनियम, संदेष्ट्यांच्या नंतरचं मानतो. कारणं नीट ठाऊक नसतानाच त्याला ते पटलं, असं तो स्वतःच लिहितो! मग १८७८च्या ग्रंथात त्याने ती कारणं अशी मांडली की पुढे कुणालाच ती टाळून जाता आलं नाही.

बायबलमधली नोहाच्या महापुराची गोष्ट मी तू सांगितल्याप्रमाणे पेन्सिल घेऊन वाचली. एकीकडे प्रत्येक प्राण्याची एक जोडी घ्यायची, दुसरीकडे शुद्ध प्राणी सात-सात. पाऊस चाळीस दिवस, पाणी मात्र दीडशे दिवस. दोन गोष्टी एकात गुंफल्यात हे मलाही दिसलं. पण भांडारकर संस्थेत महाभारताचा मूळ पाठ ठरवताना सुकथनकरांपुढे वेगवेगळ्या पोथ्या तरी होत्या. इथे नुसते सांधे! मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत बायबलच्या जुन्या गुंडाळ्या सापडल्या, त्यांतसुद्धा या मूळ गोष्टी सुट्या मिळाल्या नाहीत. म्हणून 'सिद्ध झालंय' असं लिहिताना जरा हात आखडता घे.

तर नोकरी. ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठात तो धर्मशास्त्राचा प्राध्यापक होता. १८८२ साली त्याने आपणहून राजीनामा दिला. म्हणणं एवढंच, की मला इथे चर्चच्या सेवेसाठी विद्यार्थी तयार करायचे आहेत आणि ते काम माझ्याकडून होत नाही. कुणी काढलं नव्हतं त्याला. त्याचा मित्र रॉबर्टसन स्मिथ स्कॉटलंडमध्ये अशाच मतांसाठी चर्चशी भांडत राहिला आणि १८८१ साली पद गमावून बसला. मला भांडणाराच जास्त आवडला, पण हे बाबांना सांगू नकोस. वेलहाउझेन हाल विद्यापीठात खालच्या पदावर जाऊन पौर्वात्य भाषा शिकवू लागला. मग मारबुर्ग, आणि १८९२ला परत ग्योटिंगेन. मधल्या काळात अरबांच्या इतिहासावर इतकं लिहिलं की तेवढ्यावरही त्याचं नाव राहिलं असतं.

एक खटकलं. बाबिलोनमधल्या निर्वासनानंतरच्या यहुदी धर्माबद्दल लिहिताना त्याचा सूर कोरडा होतो, जणू जिवंत धर्म संपला आणि उरले फक्त नियम. श्नेक्टर की शेख्टर, त्या रब्बीने १९०३ साली बायबल-चिकित्सेच्या या पद्धतीला सरळ यहुदीद्वेषच म्हटलं होतं. थोडं जास्त झालं असेल, पण उगाच नव्हतं. रायगडच्या किनाऱ्यावरचे शनवार तेली, म्हणजे आपले बेने इस्रायल यहुदी, तेच नियम पाळत शनिवारी घाणा बंद ठेवायचे. त्यांना कोण म्हणेल धर्म मेलाय?

तू ना ख्रिस्ती, ना यहुदी. धर्मशास्त्राच्या विभागात पुढे नोकरी मागताना तू चर्चची सदस्य आहेस का, हा प्रश्न येणारच. तेव्हा अर्ज भाषांच्या विभागातच कर. अक्कादी आणि उगारिती या प्राचीन भाषांसाठी वर्ष वाढलं तर वाढू दे, पैशांचं आम्ही बघतो. मार्गदर्शकांना मात्र आधी भेट, आणि काय म्हणाले ते रविवारी फोनवर सांग.

तुझी,
आई