सनीला, मिरजेहून

प्रिय सनी,

सलाम.

रविवारी तू फोन आपटलास, त्याचा राग नाही. पपा उद्या कोयनेने येतायत, त्यांच्या हाती हे देतेय. इन्सुलिनचं काढायचं नाही असं ठरवून बसलेय. पण घेतोयस ना?

सभेत तू दिलेल्या साक्षीचा व्हिडिओ बेबीने दाखवला. शब्बाथशाळेत तेविसावं स्तोत्र म्हणताना ‘हिरव्या कुरणात’पाशी येऊन अडायचास, पपा खालून ओठ हलवायचे. आता माईक हातात घेऊन काय बोललास रे! अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू. आणि मग म्हणालास, हा उपास संपला की मी सुई सोडणार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या पोटात गोळा आला.

देव बरं करत नाही असं मी कधी म्हटलंय? पण पवित्र शास्त्र तूही वाचतोस. शरीरातला काटा जावा म्हणून प्रेषित पौलाने तीनदा विनंती केली, काटा राहिलाच. सोबतच्या त्रफिमाला तो मिलेत गावात आजारी ठेवून आला. तीमथ्याला म्हणाला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घेत जा. तुझा विश्वास कमी पडतो असं नाही म्हणाला. आणि त्याच्याबरोबर फिरणारा लूक, तो वैद्यच ना?

तुमच्या सभा घेणाऱ्या ब्रदरना काही विचारलं की ‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका’ म्हणतात म्हणे. ते 105वं स्तोत्र सगळं वाच. तिथे देव राजांना दटावतोय, अब्राहाम-इसहाक-याकोबाला त्रास देऊ नका म्हणून. प्रश्न विचारणाऱ्या पोरांना नाही. बिरुया गावच्या लोकांनी तर पौलाचंही बोलणं रोज शास्त्रात पडताळून पाहिलं, आणि शास्त्र त्यांना थोर मनाचे म्हणतं.

झालं, सुरू झाले मी. माफ कर. ‘बीज’ म्हणून पगार दानात दिलास, त्याचं मी काही बोलत नाही.

आजी इथल्या वानलेस हॉस्पिटलात शिकली. 1894 साली मिशनने दवाखाना काढला तो काय विश्वास कमी होता म्हणून? ऑपरेशनआधी प्रार्थना, मग ऑपरेशन. आजीला त्यात कधी भांडण दिसलं नाही. तू सहावीत होतास. रात्रभर पाणी मागत होतास, श्वासाला पिकल्या फळाचा वास येत होता. तो वास तिनेच ओळखला. रिक्षात एकीकडे स्तोत्र म्हणत होती, एकीकडे रिक्षावाल्याला शिव्या देत होती. पपांची गोळी एखादे दिवशी राहिली तर निभतं, बाळा. तुझं टाईप वन आहे. तुझं शरीर इन्सुलिन करतच नाही. दोन दिवसांत माणूस आयसीयूत जातो. आणि तो उपास! उपाशीपोटी डोस किती घ्यायचा, डॉक्टरांना विचारलंस का?

कुष्ठरोग्याला बरं केल्यावर प्रभूने त्याला सांगितलं, जा, याजकाला दाखव. तूही दाखव. तुला बरं केलंय असं वाटत असेल तर डॉक्टरांकडे जा, रक्त दे, त्यांना ठरवू दे. रिपोर्ट चांगला आला तर पहिली हालेलुया माझी. तोवर सुई बंद करायची नाही. तुझ्या ब्रदरनाही माझं नाव घेऊन सांग.

पपांबरोबर थर्मासात इन्सुलिनची पेनं दिलीत, आल्या आल्या फ्रीजमध्ये ठेव, फ्रीजरमध्ये नको. त्यांच्याशी वाद घालू नकोस, बीपी वाढतं त्यांचं. वाद घालायचाच तर मला फोन कर.

तुझी,
आई

ता.क. सकाळचा शुगरचा आकडा पाठवत जा. दुसरं काही लिहिलं नाहीस तरी चालेल.